पोलरायझर फिल्टर (लँडस्केप फोटोग्राफी)

पोलरायझर उर्फ सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) म्हणजे लेन्सच्या पुढच्या आट्यांत बसवायचा करड्या काचेचा फिल्टर, ज्याची पुढची रिंग गोल फिरते. आकाश गडद करणं आणि पाणी, पानं, ओले दगड यांच्यावरची चमक कापणं ही त्याची मुख्य कामं, आणि दुसरं काम नंतर सॉफ्टवेअरमध्ये करता येत नाही कारण चमकेखाली काय होतं ते फोटोत आलेलंच नसतं.

उन्हाच्या प्रकाशाची कंपनं सगळ्या दिशांना असतात, पण तोच प्रकाश हवेच्या रेणूंवरून विखुरला किंवा पाण्यावरून, काचेवरून, पानावरून परतला की त्यातला बराच भाग एकाच दिशेने कंप पावायला लागतो. फिल्टर एकाच दिशेची कंपनं पुढे जाऊ देतो, म्हणून रिंग फिरवून ती दिशा चमकेला आडवी आणली की चमक जाते आणि बाकीचं दृश्य राहतं. १८०८ मध्ये एत्येन मालूसने पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडकीवरचं ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून बघितलं तेव्हा त्याला हे पहिल्यांदा दिसलं (कॅल्साइट आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांतही निघतं). १८१५ मध्ये डेव्हिड ब्रूस्टरने परतलेला प्रकाश कोणत्या कोनात पूर्णपणे एकाच दिशेने कंप पावतो त्याचा नियम मांडला आणि १९२९ मध्ये एडविन लँडने पातळ प्लास्टिक शीटच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिथून हे प्रकरण फोटोग्राफरच्या खिशात यायला सुरुवात झाली.

आकाशाचा खेळ सगळा कोनाचा आहे. सूर्यापासून ९० अंशावर आकाशात एक पट्टा असतो तिथे असर सर्वात जास्त, सूर्याच्या बाजूला किंवा बरोबर उलट बाजूला जवळपास शून्य. अंगठ्याजवळचं बोट सूर्याकडे धरायचं, अंगठा काटकोनात ताणायचा आणि मनगट फिरवायचं, अंगठा जिथून जाईल तो पट्टा. या बाबतीत खानदेश नशीबवान आहे, कारण तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलंय, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, त्यामुळे दसऱ्याच्या आसपास सकाळ-संध्याकाळ ऊन खाली असताना यावल-चोपड्याकडून सातपुड्याकडे कॅमेरा वळवला की आपोआप काटकोन मिळतो. साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पांढऱ्या पवनचक्क्या अशा गडद आकाशावर जेवढ्या उठून दिसतात तेवढ्या बिनफिल्टरच्या दिसत नाहीत.

मे महिन्यात मात्र पैसे वसूल होत नाहीत. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, मेच्या शेवटी दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, मग तो पट्टा क्षितिजाला टेकतो आणि नेमकी तिथेच धूळ सगळ्यात जास्त असते, धुळीचे मोठे कण प्रकाश विखुरतात पण त्याची कंपनं बरीचशी सगळ्या दिशांचीच ठेवतात म्हणून फिल्टरला कापायला काही उरत नाही. पाऊस होऊन हवा धुतली गेली की तोच फिल्टर एकदम कामाला लागतो.

पाण्याचा कोन वेगळा, पृष्ठभागापासून सुमारे ३७ अंशावरून बघितलं की चमक सर्वात जास्त कापली जाते. ट्रायपॉडवर कॅमेरा दीड मीटर उंच असेल तर साधारण दोन मीटरवरच्या पाण्याची चमक जवळपास पूर्ण जाते, म्हणून पद्मालयाच्या तळ्यात काठाजवळच्या कमळांचे देठ पाण्याखालीही दिसतात पण हतनूरच्या धरणावरून लांबच्या पाण्यावर तितका फरक पडत नाही. तोरणमाळच्या यशवंत तलावात डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल तर रिंग पूर्ण फिरवू नये, चमक म्हणून आपण जी कापतो तीच तर प्रतिबिंब असते!

खरी मजा केळीत आहे. रावेर-यावलच्या बागेत केळीचं पान मेणचट असतं, त्यावर आकाशाचा पांढरट पडदा पडलेला असतो आणि हिरवं रंग उडाल्यासारखं येतं. रिंग फिरवताना व्ह्यूफाइंडरमध्ये बघत राहावं, एकेका पानावरचा पडदा निघतो, शिरा दिसायला लागतात, पण सगळी पानं एकदम कधीच नाही कारण प्रत्येकाचा कल वेगळा. कोऱ्या पत्र्याच्या शेडची चमक फारशी जात नाही, धातूवरून आलेला प्रकाश असा गाळला जात नाही.

तोटेही आहेत. दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). मनुदेवीच्या धबधब्यावर शटर लांबवायला ते फायद्याचंच, पण हातात धरून फोटो हलतो. १६ मिमीसारख्या वाइड लेन्सवर अर्धं आकाश गडद आणि अर्धं फिकं असं विचित्र येतं, पॅनोरमात तर हमखास, तिथे काढूनच ठेवलेला बरा. इंद्रधनुष्यावर जपून, रिंग चुकीची फिरली तर त्याचा तुकडाच गायब होतो.

सीपीएलमधला 'सर्क्युलर' म्हणजे आकार नाही, मागे एक जादा थर असतो जो गाळलेल्या प्रकाशाची दिशा परत गोल फिरती करतो, नाहीतर एसएलआर म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यात त्या आरशामुळे ऑटोफोकस आणि प्रकाश मोजणारा मीटर गोंधळतात. मिररलेसवर (बिनआरशाच्या कॅमेऱ्यावर) तो थर नसलेला साधा लिनिअरही बहुतेक वेळा चालतो. घेताना दुकानातच लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडून डोळ्यासमोर फिल्टर फिरवावा: बरोबर बाजूने धरला तर एका जागी स्क्रीन जवळपास काळा व्हायला हवा, उलटा धरला तर काळा न होता नुसती पिवळट-निळसर छटा बदलायला हवी. दोन्ही बाजूंनी काळा झाला तर तो लिनिअर, आणि कुठूनच झाला नाही तर ती नुसती करडी काच, परत करावी.