धार लावणे वेगळे, धार सरळ करणे वेगळे

खानापूर-जांबोटीकडच्या रानालगतच्या शेतात ज्यांच्या कमरेला रोज सुरी असते, त्यांना दगडावर पाते कसे घासायचे हे सांगण्याची गरज नाही. पाणी वापरावे की तेल, हा वादही मला क्षुल्लक वाटतो. घासलेला चुरा दगडात बसू नये एवढ्यासाठी दोन्ही असतात. खरा गोंधळ निराळाच आहे. सुरी कापेनाशी झाली की ती झिजली असे धरून लोक लगेच दगड काढतात आणि चांगले पाते काही वर्षांत अर्धे करून टाकतात.

सुरी दोन कारणांनी बोथट होते: धार झिजते किंवा धार वळते. वळलेल्या धारेतला धातू जागेवरच असतो. गाठीच्या लाकडावर किंवा हाडावर जोर पडल्याने तिची अतिशय पातळ कड एका बाजूला कललेली असते. तिला चामड्याचा पट्टा पुरतो. झिजलेल्या धारेचा धातूच गेलेला असतो, त्यामुळे ती पट्ट्यावर कितीही ओढली तरी उपयोग नाही. तिथे दगडच हवा. पारख सोपी आहे. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे हलकेच सरकवत धारेबाहेर न्यावा, धारेच्या लांबीने कधीही फिरवू नये. एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला खरखरीत लागले, तर धार वळली आहे. दोन्ही बाजू गुळगुळीत लागत असून उजेडात धारेवर पांढरी रेघ चमकत असेल, तर ती झिजली आहे.

दगडावर घासतानाही अशीच खरखरीत कड उठते आणि ती उठलीच पाहिजे, कारण दगड धारेपर्यंत पोहोचल्याची तीच खूण आहे. पुष्कळ जण मात्र इथेच थांबतात. सुरी त्या वेळी तिखट वाटते, पण चार फांद्या छाटेपर्यंत ती कड मोडते किंवा मुडपते आणि दोष पोलादाला दिला जातो. दगडानंतर पट्टा हवाच.

निपाणी, अथणी भागात चपला करणाऱ्यांकडे झाडाच्या सालीने कमावलेल्या जाड कातड्याचे उरलेले तुकडे असतात. त्यातला एक सपाट फळीवर चिकटवला की उत्तम पट्टा होतो. रानातल्या सुरीला प्रत्येक बाजूने 20 ते 25 अंशांचा कोन ठेवावा आणि पट्ट्यावरही तोच सांभाळावा. पाठ पुढे, धार मागे, अशी सुरी हलक्या हाताने ओढावी. दाबले किंवा शेवटी पाठ उचलली, तर धार गोल होते.

ग्राइंडरवर धार लावून घेण्याला माझा ठाम विरोध आहे. साध्या कार्बन पोलादाची पातळ कड तिथे क्षणात तापते, 300 अंश सेल्सिअसच्या आसपास निळी पडते आणि मऊ होते. नंतर पाण्यात बुडवून गेलेला कठीणपणा परत येत नाही. निळा रंग पुसला तरी नाही. तो सगळा मऊ भाग दगडावर घासून काढावा लागतो किंवा पाते पुन्हा लोहाराकडून कडक करून घ्यावे लागते.