आग्वाद दीपगृह

गोव्याच्या बार्देश तालुक्यात, मांडवीच्या मुखाशी उत्तर तीरावर असलेल्या आग्वाद किल्ल्यातील जुने दीपगृह. बांधकाम १८६४. चार टप्प्यांचा हा पांढरा गोल मनोरा तसा बुटकाच आहे. दिवा दुरून दिसायला हवी ती उंची इथे डोंगरानेच दिली आहे. १९७६ मध्ये तो बंद झाला आणि जवळच्या चौकोनी काँक्रीटच्या मनोऱ्याने त्याची जागा घेतली. पर्यटक फोटो मात्र जुन्याचाच काढतात.

आशियातील पहिले दीपगृह म्हणून याची ओळख सर्रास करून दिली जाते. ती खरी नाही. केरळातील आलप्पुळाचे दीपगृह १८६२ मध्ये लागले, ओडिशातील फॉल्स पॉइंटचे तर १८३८ मध्येच.

किल्ला दीपगृहाहून सुमारे अडीचशे वर्षांनी जुना आहे. डचांच्या धास्तीने पोर्तुगिजांनी तो १६१२ पर्यंत बांधून काढला. पुढे १७३९ मध्ये मराठ्यांच्या स्वारीत जवळजवळ सगळा बार्देश गेला, पण आग्वाद आणि रेइश मागुश हे किल्ले पोर्तुगिजांकडेच राहिले. आग्वादचे खरे महत्त्व पाण्यात होते. दीपगृहासमोरच्या जांभ्या दगडाच्या मोकळ्या पटांगणावरून चालताना पायाखाली मोठी टाकी असल्याचा पत्ताही लागत नाही. तिची क्षमता सुमारे २३,७६,००० गॅलन सांगतात. लांब पल्ल्याची जहाजे इथे गोडे पाणी भरून घेत.

१८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने ख्रिस्ती संन्याशांचे धार्मिक संघ बंद केले आणि जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनचा मठ ओस पडला. त्याची प्रचंड घंटा काही काळ आग्वादला होती. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये गेली आणि आजही तिथेच वाजते.

दिवा जागा दाखवतो, जहाज सांभाळत नाही. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज पावसाळी वादळात कांदोळी-शिकेरीच्या वाळूत येऊन रुतले, तेही नव्या दीपगृहाच्या अगदी जवळ. ते हलवायला बारा वर्षे लागली.

किल्ल्याच्या खालच्या भागात तुरुंग होता. १९४६ मध्ये गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा आणि राममनोहर लोहिया यांना इथेच डांबले होते. कैद्यांना २०१५ मध्ये कोलवाळच्या तुरुंगात हलवले आणि डिसेंबर २०२१ मध्ये तुरुंगाचे संग्रहालय झाले.