आडात भरपूर, पोहऱ्यात अर्धे : लॅपटॉपमधील एसएसडीचा वेग कोठे अडतो?

परभणीतील कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जुना, कण्हत चालणारा लॅपटॉप घेऊन गेले की हमखास एकच सल्ला मिळतो : "एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क) टाकून घ्या, मशीन नवे होईल." सल्ला चुकीचा नाही. मीही तो मानला आणि २०१२ साली घेतलेल्या लॅपटॉपमधील डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी कॅडीत, म्हणजे डीव्हीडीच्या खाचेत डिस्क बसवण्याच्या चौकटीत, नवी एसएसडी बसवून घेतली. मूळ हार्ड डिस्क तिच्या जागी तशीच राहिली. लॅपटॉप झटपट सुरू होऊ लागला, दुकानदारही खूश झाला. परंतु घरी येऊन वेग मोजला तेव्हा खोक्यावर सेकंदाला ५५० मेगाबाइट छापलेले असताना वाचनाचा आकडा २७० च्या पुढे सरकेना. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आड तुडुंब होता, पोहराच लहान निघाला.

त्या पोहऱ्याचे माप क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एका ओळीत दिसते. माझ्याकडे तेथे 'साटा/३०० | साटा/६००' असे लिहून आले. उभ्या रेघेच्या उजवीकडचा आकडा डिस्कची क्षमता सांगतो, डावीकडचा प्रत्यक्षात जुळलेला वेग. साटा म्हणजे डिस्कला लॅपटॉपशी जोडणारी जोडणी. तिच्या दुसऱ्या पिढीत तारेतून सेकंदाला ३ गिगाबिट जातात. पण माहितीच्या दर ८ बिटांसाठी तारेवर १० बिट पाठवावे लागत असल्याने हातात उरतात ते कमाल ३०० मेगाबाइट. तिसऱ्या पिढीत हे सारे दुप्पट होते. माझ्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कची मुख्य जागा तिसऱ्या पिढीची होती आणि डीव्हीडीची दुसऱ्या पिढीची. यात बनवणाऱ्याची लबाडी नाही, कारण ८ पट वेगाने फिरणारी डीव्हीडीसुद्धा सेकंदाला जेमतेम ११ मेगाबाइट देते, मग तिच्यासाठी रुंद वाट कोण ठेवणार? स्क्रू पुन्हा उघडले, दोन्ही डिस्कची अदलाबदल केली आणि आकडा ५२० वर गेला. २०११ च्या आधीच्या बहुतेक इंटेल लॅपटॉपमध्ये मात्र मुख्य जागाही दुसऱ्याच पिढीची असते, तेथे अदलाबदलीचा उपयोग नाही.

मात्र, आकडा जवळजवळ दुप्पट होऊनही विंडोज सुरू व्हायला लागणारा वेळ जाणवण्याइतका बदलला नाही, आणि या विषयातील खरी गोम तेथेच आहे. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी ११ मिलिसेकंदांची असते. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबावे लागते, शिवाय सुई योग्य वर्तुळावर सरकायला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या जागांवरच्या लहान फायली वाचायच्या असतील तर सेकंदाला पंचावन्न-साठ जागांपलीकडे तिची मजल जात नाही. एसएसडीत फिरणारे काही नसल्यामुळे तेच काम दर जागेला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर उरकते. विंडोज सुरू होणे, ब्राउझर उघडणे ही कामे अशाच हजारो छोट्या वाचनांची बनलेली असतात आणि त्यांना ३०० चा पोहराही पुरून उरतो. म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये 'साटा/३००' दिसले तर हळहळण्याचे कारण नाही. व्हिडिओच्या मोठमोठ्या फायली इकडून तिकडे हलवणाऱ्यालाच तो फरक पदोपदी बोचेल.

छोट्या वाचनांना मारक ठरते ती दुसरीच गोष्ट : बायोसमधील, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधील सेटिंग. काही जुन्या लॅपटॉपमध्ये साटाचा प्रकार 'आयडीई' असा ठेवलेला असतो. त्यात डिस्कला एका वेळी एकच हुकूम मिळतो, तो पुरा झाला की पुढचा. 'एएचसीआय' निवडल्यास ३२ हुकूम एकदम रांगेत लावता येतात आणि एसएसडी आपल्या अनेक चिपांना एकाच वेळी कामाला जुंपते. मात्र विंडोज आधीच बसवलेले असताना हे सेटिंग सरळ बदलले तर विंडोज सुरूच न होता चुकीचा निळा पडदा येण्याची शक्यता असते. विंडोज १० मध्ये आधी सेफ मोडची (मोजक्याच गोष्टींवर विंडोज सुरू होण्याची) खूण करावी, मग बायोसमध्ये बदल करावा, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्यावे आणि नंतर ती खूण काढावी, म्हणजे डिस्कशी बोलणारा आवश्यक प्रोग्रॅम, ड्रायव्हर, आपोआप जागेवर येतो.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी एम.२ पट्टी असते. ती दिसायला सारखी असली तरी काही पट्ट्या साटाची भाषा बोलतात, काही एनव्हीएमईची, आणि खाचेला त्या पट्टीची भाषा येत नसेल तर डिस्क दिसतच नाही. एनव्हीएमईची वाट साटाऐवजी पीसीआय एक्स्प्रेस या अधिक वेगवान जोडणीच्या मार्गिकांवरून जाते. तिसऱ्या पिढीच्या चार मार्गिकांतून सेकंदाला सुमारे ३,९०० मेगाबाइट जाऊ शकतात, पण काही लॅपटॉपच्या खाचेला दोनच मार्गिका दिलेल्या असतात. खरेदीपूर्वी मॉडेलची माहितीपत्रिका उघडून हे पाहावे. ऑनलाइन फॉर्म भरणे आणि एक्सेल इतकेच काम असेल तर जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे.

आता आडाकडे वळू. १९८७ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी मांडलेल्या नँड फ्लॅशची, म्हणजे एसएसडीतील चिपांची, एक खोड आजही कायम आहे. ही अशी पाटी आहे की तिच्यावर एकेक ओळ लिहिता येते, परंतु पुसायची झाल्यास पूर्ण पाटीच पुसावी लागते. त्यामुळे एसएसडी बदललेला मजकूर कोऱ्या पाटीवर लिहिते आणि जुन्या पाट्या फुरसतीने पुसते. पुसण्यापूर्वी कामाच्या ओळी दुसरीकडे उतरवून घेते. अडचण अशी की आपण फाइल डिलीट करतो तेव्हा विंडोज केवळ आपल्या वहीतील नोंद खोडते, डिस्कला काही कळत नाही. शेत विकले पण फेरफारच झाला नाही, म्हणून सातबाऱ्यावर जुनेच नाव दिसत राहावे, तसा हा प्रकार होतो आणि डिस्क मेलेल्या ओळीही इमानेइतबारे उतरवून काढत बसते. हा फेरफार कळवणाऱ्या हुकमाला ट्रिम म्हणतात. विंडोज ७ पासून तो आहे; 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'च्या खिडकीत आपल्या डिस्कपुढे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असे लिहिलेले आहे ना, एवढे पाहावे. तेथे 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' दिसले तर ट्रिमऐवजी डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे हलवून सलग मांडणे) चालेल, म्हणजे वेग वाढणार नाहीच, उलट लिहिण्याची झीज होईल.

डिस्क गच्च भरणेही याच कारणाने महागात पडते. स्वस्त एसएसडीत एका पेशीत, म्हणजे चिपवरील सूक्ष्म कप्प्यात, तीन किंवा चार बिट ठेवतात, जे लिहायला वेळखाऊ असते. म्हणून रिकाम्या जागेचा काही भाग पेशीत एकच बिट ठेवून वेगवान चौकीसारखा वापरला जातो. रिकामी जागा घटली की ही चौकीही आकसते, आणि मोठी फाइल कॉपी करताना सुरुवातीचा झपाटा मध्येच ओसरून चार बिटांच्या डिस्कवर तो सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी.

उन्हाळ्याचा मुद्दा मराठवाड्यात वेगळा सांगावा लागतो. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना पत्र्याच्या खोलीत चाललेल्या लॅपटॉपमधील एनव्हीएमई पट्टी सलग कामात सहज सत्तरीपार तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपण होऊन वेग कमी करते. पट्टी आणि झाकण यांच्यात मऊ थर्मल पॅड ठेवला तर बराच फरक पडतो. त्यातच भारनियमन असते. बॅटरी मेलेला लॅपटॉप केवळ चार्जरवर चालवणाऱ्यांची वीज गेली की डिस्कचे लिहिणे अर्ध्यावर तुटते. म्हणून काही जण राइट कॅशिंग (लिहायचा मजकूर आधी तात्पुरत्या स्मृतीत साठवणे) बंद करण्याचा सल्ला देतात, ज्याने लिहिण्याचा वेग पार बसतो. त्यापेक्षा नवी बॅटरी घ्यावी.

माझ्या लॅपटॉपमध्ये सारे मार्गी लागल्यावरही एक खोट उरलीच होती. 'धिस पीसी' उघडले की तीन-चार सेकंद सगळे गोठायचे आणि आतून घरघर ऐकू यायची. कॅडीतील जुनी हार्ड डिस्क झोपेतून उठत होती आणि ती पुरी फिरू लागेपर्यंत विंडोज तिची वाट पाहत थांबत होते. शेवटी ती काढून यूएसबीच्या डब्यात घातली आणि कॅडीची जागा रिकामीच ठेवली.