ट्रंकेतलं घड्याळ: शिपायाचं की नॅव्हिगेटरचं?

मराठा रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत गेलेली घरं पुष्कळ. अशा घरातली जुनी लोखंडी ट्रंक उघडली की कधीकधी खिशातलं घड्याळ निघतं. मागच्या झाकणावर बाणाची खूण आणि जी.एस.टी.पी. ही अक्षरं. नातवंडं ते माझ्याकडे सर्व्हिसिंगला आणतात आणि सांगतात, "आजोबांचं विमानातलं घड्याळ आहे." बहुतेक वेळा ते तसं नसतं. पण शिपायाचं घड्याळ आणि विमानाची वाट काढणाऱ्या नॅव्हिगेटरचं घड्याळ यांतला फरक कळायला जरा मागे जावं लागतं.

समुद्रावर अक्षांश सूर्याच्या नाहीतर ताऱ्याच्या उंचीवरून काढता येतो. रेखांशासाठी मात्र ग्रीनिचला आत्ता किती वाजले हे कळायला हवं. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणजे घड्याळ चार सेकंद चुकलं तर बेळगावच्या अक्षांशावर जागा पावणेदोन किलोमीटरांनी सरकते, आणि वीस-बावीस सेकंद चुकलं तर बेळगावच्या सांब्रा विमानतळाची धावपट्टी नकाशावर शहरात येऊन पडते. याच अडचणीवर ब्रिटिश संसदेनं १७१४ मध्ये २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. मूळचा सुतार असलेल्या जॉन हॅरिसनचं चौथं घड्याळ १७६१ च्या हिवाळ्यात जमैकाला निघालं. त्याची रोजची ठरलेली चूक वजा केल्यावर पोहोचेपर्यंत जेमतेम पाच सेकंदांचा फरक पडला. मला तर आजही हे वाचताना अंगावर काटा येतो.

पुढे जहाजांवर क्रोनोमीटर, म्हणजे अशी अतिशय अचूक घड्याळं, आली. ती पेटीत, लाटांबरोबर न कलंडणाऱ्या कड्यांत बसवलेली असत. विमानात तेवढी जागा नव्हती, म्हणून तिथं खिशातल्या घड्याळाच्या आकाराचं यंत्र लागलं. दुसऱ्या महायुद्धातलं त्यातलं नामवंत घड्याळ म्हणजे अमेरिकेतल्या लँकेस्टरच्या हॅमिल्टन कंपनीचं ४९९२बी. रेल्वेसाठी बनवलेल्या ९९२बी यंत्रावरूनच ते केलं होतं. बावीस ज्वेल (चाकांची झीज कमी करणारे खडे), काळी डायल, चोवीस तासांचे आकडे, मधोमध फिरणारा सेकंदकाटा. चावीचं बटण ओढलं की यंत्र थांबायचं आणि रेडिओच्या टोल्यावर ते सेकंदाला सेकंद जुळवता यायचं. त्याची हेअरस्प्रिंग, म्हणजे टिकटिकीची गती ठरवणारी बारीक स्प्रिंग, एलिनवार जातीच्या मिश्रधातूची, गरमी-थंडीत ताण फारसा न बदलणारी. एलिनवार शोधणाऱ्या शार्ल एदुआर ग्यिओमला निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या कामासाठी १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

चोवीस तासांची डायल कशाला? नॅव्हिगेटरचा हिशोब ग्रीनिचच्या वेळेवर चाले आणि त्यात सकाळचे सात की संध्याकाळचे सात हा घोळ परवडत नसे. स्थानिक वेळेचा भरवसाही नव्हता. १९४२ ते १९४५ मध्ये आपल्याकडची घड्याळं युद्धासाठी तासभर पुढे केली होती. शिवाय बेळगावचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेपेक्षा एरवीही सुमारे अर्धा तास मागे असतो.

जी.एस.टी.पी. घड्याळाचं काम वेगळं. ते ब्रिटिश सैन्यानं वेगवेगळ्या, बहुतांशी स्विस, कारखान्यांकडून घेतलेलं साधं घड्याळ. आकडे बाराच, सेकंदकाटा सहाच्या जागी लहानसा. बाणाची खूण एवढंच सांगते की ही सरकारी मालमत्ता होती. ते नॅव्हिगेटरचं नव्हतं म्हणून त्याचा मान कमी होत नाही. ज्या हातांनी ते वापरलं त्या हातांची किंमत त्याला आहेच. पण "विमानातलं" म्हणून विकत घेणाऱ्यानं आधी डायल बघावी.

सर्व्हिसिंगमध्ये मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती रेडियमची. काटे आणि आकडे रात्री चमकावेत म्हणून रेडियमचा रंग लावलेला असे. आता चमक गेली असली तरी दमलं आहे ते त्यातलं चमकणारं झिंक सल्फाइड, किरणोत्सारी रेडियम नव्हे. रेडियमचं अर्धं आयुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा काळ, सोळाशे वर्षांचं आहे. जुना रंग खरवडू नका, ब्रशनं झाडू नका, घरात तर झाकणही उघडू नका. त्याची धूळ श्वासात गेली की शरीरात राहते. आपल्याकडचा पाऊस हे दुसरं दुखणं. खानापूरकडच्या घरांत चार महिने ओल राहते, आणि बटणाच्या दांडीवर व तिथल्या बारीक पोलादी भागांवर आधी गंज धरतो. जुनं तेल घट्ट झालेलं असतं, त्यावर नवं टाकून उपयोग नाही. यंत्र पूर्ण सुटं करून धुवावंच लागतं.

धुऊन, तेल घालून जोडलं की खरी परीक्षा सुरू होते. रोज ठरलेल्या वेळी चावी देतो, घड्याळ डायल वर करून ठेवतो आणि रेडिओच्या टोल्याशी ताडून फरक वहीत लिहितो. नॅव्हिगेटर काटे सारखे पुढेमागे करत नसत. रोज किती चुकतं ते लिहून हिशोबात धरत. म्हणून पहिल्या दिवशी तीन सेकंद पुढे आणि दहाव्या दिवशी तीस सेकंद पुढे असलेलं घड्याळ मी परत देतो. एक दिवस तीन पुढे, दुसऱ्या दिवशी एक मागे असं करणारं पुन्हा उघडतो.