लग्नाची कॅसेट डिस्कवर आली की नवरदेव जाडा का दिसतो?

‘फीत जुनी होऊन ताणली, म्हणून डिस्कवर माणसं फुगतात,’ असं दारव्हा-दिग्रसकडे अजून सर्रास सांगतात. साफ खोटं! फीत ताणली तर चित्र थरथरतं, पट्टे येतात. नवरदेवाचा फेटा रुंद होत नाही. कॅसेटचं चित्र ४:३, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३; आताचा टीव्ही १६:९. तो चित्र आडवं ओढतो अन् माणूस एक तृतीयांशानं रुंदावतो. रिमोटवर पिक्चर साइज ४:३ करा. बाजूला काळे पट्टे येतील, येऊ द्या. ते घालवायला झूम कराल तर चित्राचा पाव भाग कापला जाईल, मांडवात उभ्या मामांची डोकी आधी! कंप्युटरवरही चेहरे रुंदच दिसले, तर डिस्क बनवतानाच १६:९ ची खूण, म्हणजे चित्र किती रुंद दाखवायचं ती नोंद, चुकीची पडलीय. दुकानदाराकडे ७२० बाय ५७६ ठिपक्यांची (पिक्सेलची) मूळ फाइल असेल तर कॅसेट पुन्हा चालवू नका. खूण ४:३ करून डिस्क नव्यानं लिहून मागा.