जुन्या मोटारगाड्यांची ओळख, दोषनिदान व जीर्णोद्धार

जुन्या मोटारगाडीची घडण व निर्मितिवर्ष निश्चित करणे, ती का चालत नाही हे शोधणे आणि तिच्या मूळ रूपाशी इमान राखून तिला पुन्हा रस्त्यावर आणणे, असा हा तिहेरी छंद आहे. ब्रिटनमधील रूढ वर्गवारीनुसार १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्या ‘व्हेटरन’, १९०५ ते १९१८ या काळातल्या ‘एडवर्डियन’ आणि १९१९ ते १९३० या काळातल्या ‘व्हिंटेज’ मानल्या जातात. बोलण्यात मात्र त्यानंतरच्या गाड्यांनाही सर्रास व्हिंटेज म्हटले जाते. १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘फिवा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना किमान तीस वर्षे जुन्या, इतिहासाला धरून जतन केलेल्या आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनाला ऐतिहासिक वाहन समजते.

ओळख : कोणता भाग मूळचा आणि कोणता उपरा हे ठरल्याखेरीज दुरुस्ती कुठवर न्यायची हे ठरत नाही, म्हणून हे काम आधी करावे लागते. सतरा चिन्हांचा एकसारखा वाहन क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून सक्तीचा झाला. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याची पद्धत वेगळी होती. निर्मात्याची पितळी पट्टी रिव्हेट काढून सहज हलवता येते, त्यामुळे चेसिसवर, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या चौकटीवर, ठोकलेला क्रमांक अधिक विश्वासाचा. तोही कानशीने घासून पुन्हा ठोकलेला असू शकतो; अशा वेळी अक्षरांची ओळ, ठशांची खोली आणि भोवतालच्या पत्र्याचा पोत बारकाईने पाहावा लागतो. ओतीव भागांवर अनेकदा ओतकामाची तारीख असते. ती गाडीच्या निर्मितीच्या थोडी आधीची असणे स्वाभाविक आहे. नंतरची असेल, तर तो भाग मागाहून बसवलेला आहे.

फोर्ड कंपनीच्या ‘टी’ मॉडेलचे उदाहरण बोलके आहे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि वरवर पाहता त्या एकसारख्याच दिसतात. मात्र पितळी रेडिएटर १९१७ च्या मॉडेलपासून गेला, विजेचा स्टार्टर १९१९ पासून मिळू लागला आणि केवळ काळ्या रंगाचे प्रसिद्ध पर्व १९१४ ते १९२५ एवढेच होते. या गाडीचा अनुक्रमांक इंजिनावर असे, त्यामुळे कधीकाळी इंजिन बदलले असेल, तर कागदोपत्री गाडीच बदललेली असते. महागड्या गाड्यांचा पेच वेगळाच आहे. रोल्स-रॉइससारखा कारखाना दुसऱ्या महायुद्धापर्यंत केवळ चेसिस व यंत्रभाग विके, आणि वरचा सांगाडा गिऱ्हाइकाच्या पसंतीने स्वतंत्र कारागीर बांधत. एका चेसिसवर कालांतराने दोन-तीन सांगाडे चढलेले असणे त्या काळी गैर मानले जात नसे.

मग गाडीचे ‘मूळपण’ नेमके कशात असते, हा प्रश्न १९९० मध्ये इंग्लंडच्या न्यायालयापुढे आला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटले गाडी पुढे वेळोवेळी इतकी बदलली गेली होती, की विजयाच्या वेळचे फारच थोडे तिच्यात उरले होते. तिचा इतिहास कुठेही खंडित झालेला नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी अस्तित्वात नाही, या आधारावर न्यायालयाने तिला अस्सल मानले. छंदिष्टांत या निकालावर आजही वाद झडतात; तरीही जुने फोटो, पावत्या आणि नोंदणीची पुस्तके यांचे मोल त्याने एरवीपेक्षा ठळक केले यात शंका नाही.

दोषनिदान : वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी मिळताच स्टार्टर मारून पाहण्याचा मोह महागात पडतो. गंजाने पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरल्या असतील, तर त्या मोडतात. त्याऐवजी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, ते काही दिवस झिरपू द्यावे आणि नंतर इंजिन हाताने, हलक्या झोक्यांनी मागेपुढे फिरवून पाहावे. इंजिन मोकळे झाल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजतात. दाब कमी आल्यास त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे : दाब वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर बहुधा वॉल्व्हचा (झडपेचा) किंवा हेड गॅसकेटचा (इंजिनाच्या झाकणाखालच्या चकतीचा). त्यानंतर ठिणगी आणि शेवटी पेट्रोल, हा क्रम सोडू नये. कार्बोरेटरला (पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागाला) विनाकारण दोष देण्याची सवय फार जुनी आहे.

थंड असताना सुरळीत चालणारी आणि तापल्यावर बंद पडणारी गाडी नवशिक्याला हमखास चकवते. ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतील कंडेन्सर किंवा कॉइल तापून निकामी होते तेव्हा हे लक्षण दिसते, आणि नळीत पेट्रोलची वाफ अडकली तरी हेच दिसते. गाडी थंड होताच दोन्ही दोष लपतात, म्हणून ती बंद पडल्याबरोबर तपासणी व्हायला हवी. प्लगची वायर काढून तिचे टोक ब्लॉकपासून थोडे दूर धरावे आणि इंजिन फिरवावे. ठसठशीत निळी ठिणगी पडली, तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे का ते पाहावे. ठिणगी पिवळसर व मलूल असेल, तर पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सरकडे वळावे. पॉइंटमधली फट बहुतेक गाड्यांत ०.४ मिमी.च्या आसपास असते.

सहा व्होल्टच्या गाड्यांत तेवढ्याच कामासाठी बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो. त्यामुळे आधीच्या कोणा मालकाने बारीक वायर टाकली असेल किंवा अर्थिंगचा (बॅटरी चेसिसला जोडणारा) सांधा गंजला असेल, तर उत्तम स्टार्टरही कण्हत फिरतो. त्यातच कित्येक गाड्यांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असते, आणि ते न पाहता केलेल्या जोडणीने डायनॅमो (वीज निर्माण करणारे यंत्र) बिघडतो. नट-बोल्टच्या आट्यांचा घोळही असाच आहे. व्हिटवर्थ या ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकी व मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा. १९२० च्या दशकातील मॉरिस गाड्यांच्या इंजिनांत आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची होती. पाना नीट बसतो म्हणून आटाही तोच समजणाऱ्याने किती भोके नासवली असतील कोण जाणे.

जीर्णोद्धार : सुटे करण्यापूर्वी प्रत्येक सांध्याचा फोटो घेणे आणि नट-बोल्ट नावानिशी वेगळे ठेवणे, ही शिस्त सांगायला सोपी असली तरी अर्धवट सोडून दिलेल्या कित्येक गाड्यांचे मूळ तिच्या अभावात सापडते. रंगाखाली किती लांबी (पुट्टी) भरली आहे ते पातळ कापडात गुंडाळलेला चुंबक फिरवून कळते : जिथे तो धरत नाही तिथे पत्रा उरलेला नसतो, किंवा तो ॲल्युमिनियमचा असतो. त्या काळच्या बऱ्याच सांगाड्यांत पत्र्याआड ॲश लाकडाची चौकट असे; दार लटकले की बिजागरीपेक्षा आधी हे लाकूड तपासावे. क्रँकशाफ्टची बेअरिंगे अनेकदा जागेवरच ओतलेल्या पांढऱ्या धातूची असतात. ती ओतून, उंचवटे कुठे टेकतात ते दिसावे म्हणून निळा रंग लावून, ते खरडत बसवणारे कारागीर आता थोडे उरले आहेत, आणि या कामात घाई चालत नाही.

शिसेविरहित पेट्रोलची भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे, कारण शिसेयुक्त पेट्रोलची विक्रीच १९२३ मध्ये सुरू झाली आणि त्याआधीची कमी कॉम्प्रेशनची इंजिने त्याविनाच चालत होती. खरा त्रास इथेनॉलचा आहे. ते कार्बोरेटरमधील बुचाच्या (कॉर्कच्या) फ्लोटवरील, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्यावरील, लाखेचा थर विरघळवते. मग फ्लोट पेट्रोल पिऊन बुडतो आणि कार्बोरेटर वाहू लागतो.

गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा नव्हती इतकी चकचकीत करण्याची प्रथा अनेक वर्षे होती, आणि स्पर्धांतून अशा गाड्यांना बक्षिसेही मिळत. ‘फिवा’च्या २०१२ च्या तुरीन सनदेने जतनाला जीर्णोद्धारापेक्षा अग्रक्रम दिला आहे. झिजलेले चामडे व विटलेला मूळ रंग एकदा खरवडून काढला की परत आणता येत नाही, हे पाहता ही भूमिका रास्त वाटते. मात्र ब्रेक, स्टिअरिंग व टायर यांना ती लागू करण्यात शहाणपण नाही. जुनी ब्रेक लायनिंगे व गॅसकेटे यांत ॲस्बेस्टॉस असल्याने त्यांवर हवेचा झोत न मारता ती ओली करूनच पुसावीत, आणि शिसेयुक्त जुना रंग कोरडा घासू नये. नव्याने बांधलेले इंजिन सुरुवातीला कमी वेगाने चालवून, थोड्याच अंतरानंतर तेल बदलतात आणि हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळतात.