पिंपाची पवनचक्की फिरते, पण वीज किती देते?

मोकळी सोडलेली पवनचक्की साध्या झुळकेवरही गरगर फिरते. पिंप कापून केलेली पाती एकामागून एक समोरून जाताना नुसतं बघत राहावंसं वाटतं. मग जनरेटरच्या तिन्ही वायरींची उघडी टोकं चिमटीत धरून एकमेकींना टेकवायची. त्याच क्षणी चक्की जड होते, चिखलातून चालल्यासारखी संथ होते. टोकं सोडली की पुन्हा वेग धरते. वारा मात्र तोच असतो.

चक्की स्वतः बनवणाऱ्या प्रत्येकानं हा प्रयोग पहिल्याच दिवशी, वारा हलका असताना करावा, असं मला मनापासून वाटतं. मोकळी फिरणारी चक्की बेअरिंगचं घर्षण भागवण्यापलीकडे काही करत नसते. तिच्यावर भार टाकला, म्हणजे वायरी जोडून तिच्याकडून काम मागितलं, की तिच्या अंगात किती बळ आहे ते कळतं.

ही चक्की उभ्या आसाची, म्हणजे तिचा फिरणारा दांडा जमिनीवर उभा असतो. ही कल्पना फार जुनी आहे. इराणमधल्या नश्तीफान गावात मातीच्या भिंतींमध्ये लाकडी पाती बसवलेल्या अशा चक्क्यांवर शतकानुशतकं धान्य दळलं गेलं. पिंपाच्या चक्कीचा आकार मात्र १९२० च्या दशकातला, सिगुर्ड सावोनियस या फिनलंडच्या अभियंत्याचा. पिंप उभं चिरायचं आणि दोन्ही अर्धुकं एकमेकांपासून सरकवून इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी बसवायची. पोकळ बाजूवर वाऱ्याचा रेटा जास्त बसतो, फुगीर बाजूवर कमी. या फरकावर चक्की फिरते. वारा कुठूनही आला तरी तिला तोंड वळवावं लागत नाही.

त्याच दशकात जॉर्ज दारिय या फ्रेंच अभियंत्यानं विमानाच्या पंखासारख्या पात्यांची उभी चक्की काढली. ती कितीतरी जास्त कार्यक्षम. पण बहुतेक वेळा तिला सुरुवातीला धक्का द्यावा लागतो, आणि प्रत्येक फेरीत पात्यांवरचा ताण उलटसुलट होत राहिल्यानं धातू थकतो. घरी पहिल्यांदा बनवणाऱ्यानं सावोनियसपासूनच सुरुवात करावी, हे माझं मत.

२०० लिटरचं पिंप साधारण ५८ सेंटिमीटर व्यासाचं आणि ९० सेंटिमीटर उंचीचं असतं. शक्यतो प्लास्टिकचं घ्या. ज्वलनशील द्रव साठवलेल्या लोखंडी पिंपावर ग्राइंडर लावला, तर आत उरलेल्या वाफांचा स्फोट होऊ शकतो. पिंप उभं चिरण्याआधी मधोमध आडवं कापून दोन मजले करा आणि वरचा मजला खालच्याशी काटकोनात बसवा. एकाच मजल्याची चक्की एका विशिष्ट स्थितीत अडून बसते, दोन मजले एकमेकांना त्या स्थितीतून बाहेर काढतात. अर्धुकांच्या आतल्या कडा मध्यभागी सुमारे १२ सेंटिमीटर एकमेकींवर येऊ द्या, म्हणजे एका पात्यातला वारा दुसऱ्याच्या पाठीमागे शिरून तिथली ओढ कमी करतो. वर, खाली आणि मजल्यांच्या मध्ये गोल चकत्या हव्यातच. त्या नसतील तर वारा कडांवरून निसटतो.

आता हिशेब. चक्कीची रुंदी १०४ सेंटिमीटर झाली, उंची ९०. म्हणजे वाऱ्यासमोरचं क्षेत्रफळ ०.९४ चौरस मीटर. वाऱ्यातली शक्ती काढायची तर हवेची घनता (सुमारे १.२ किलो प्रति घनमीटर), हे क्षेत्रफळ आणि वेगाचा घन यांचा गुणाकार करून निम्मा करायचा. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात ७० वॅट येतात. सावोनियस त्यातले १५ टक्क्यांच्या आसपास घेते, म्हणजे १० वॅट. जनरेटर आणि डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) यांच्यातली घट वजा जाता बॅटरीपर्यंत पाच-सहा वॅट पोचले तरी काम चांगलं झालं समजा. एक एलईडी दिवा लागेल. वारा दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, निम्मा झाला तर आठवा हिस्सा उरतो.

खरी अडचण जनरेटरची आहे. सावोनियसच्या पात्याचं टोक वाऱ्यापेक्षा फारसं वेगानं पळत नाही. ५ मीटरच्या वाऱ्यात, भार असताना, ती मिनिटाला ७० फेऱ्यांच्या आसपास घेईल. गाडीच्या अल्टरनेटरला, म्हणजे तिच्या जनरेटरला, हजाराच्या घरात फेरे लागतात. म्हणून बरेच जण जनरेटर घरीच बनवतात: लोखंडी तबकडीवर निओडिमियम चुंबकं, उत्तर-दक्षिण आळीपाळीनं, आणि दोन तबकड्यांच्या फटीत रेझिनमध्ये ओतलेल्या तांब्याच्या कॉइल. कॉइलमध्ये लोखंड नसल्यामुळे चुंबकं अडखळत नाहीत आणि चक्की मंद वाऱ्यातही सुटते. ही चुंबकं एकमेकांवर झेपावतात, मध्ये बोट सापडलं तर चेंगरतं. एका वेळी एकच हाताळा.

सगळं वजन खालच्या बेअरिंगवर येतं. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या काप-शा इथे ‘एओल’ नावाची शंभर मीटरहून उंच दारिय चक्की उभारली होती. ती १९९३ साली बंद पडली ती खालचं बेअरिंग खराब झाल्यामुळे. तोल साधणंही तितकंच महत्त्वाचं. आस आडवा ठेवून चक्की सोडून द्या. जी बाजू दर वेळी खाली येऊन थांबते ती जड, तिच्या समोरच्या कडेला वॉशर लावत जा. १०० ग्रॅमचा फरक किरकोळ वाटतो, पण मिनिटाला २०० फेऱ्यांवर तो कडेला दोन किलोंहून जास्त ओढ देतो, आणि ही ओढ दर फेरीला दिशा बदलत खांबाला हलवते.

चक्कीची शक्ती मोजायच्या चाचणीसाठी जनरेटर बाजूला ठेवा. आसावर १० सेंटिमीटर त्रिज्येची कप्पी लावा आणि तिच्यावरून पट्टा घ्या. पट्ट्याचं एक टोक ताणकाट्याला, दुसऱ्याला वजन. समजा वजन १.७ किलो आहे आणि काटा ०.३ किलो दाखवतो. फरक १.४ किलो, म्हणजे १३.७ न्यूटन. गुणिले ०.१ मीटर, पीळ (आस फिरवणारा जोर, टॉर्क) झाला १.३७ न्यूटन-मीटर. त्या वेळी फेरे ७० असतील तर शक्ती १० वॅट. वारा ५ मीटरचा असेल तर कार्यक्षमता १४ टक्के. फेरे मोजायला सायकलचा चुंबकवाला मीटर पुरतो. वजन बदलून पुन्हा मोजा. भार फार कमी किंवा फार जास्त असला की शक्ती उतरते, मधे कुठेतरी तिचा माथा असतो.

वाऱ्याची सरासरी जपून वापरा. निम्मा वेळ २ आणि निम्मा वेळ ८ मीटरचा वारा असेल तर सरासरी ५ येते, पण त्यातली शक्ती स्थिर ५ मीटरच्या वाऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त असते. म्हणून छोट्या चक्क्यांसाठी एकेका मिनिटाच्या नोंदी घेतात आणि त्या वेगानुसार गटांत लावतात.

माझ्या पहिल्या नोंदींमध्ये चक्कीची कार्यक्षमता ६६ टक्के निघाली. मी पट्टा, काटा, कप्पीची त्रिज्या सगळं पुन्हा तपासलं, चूक सापडेना. पण आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलंय, की वाऱ्यातली शक्ती १६/२७, म्हणजे ५९.३ टक्क्यांहून जास्त कुठल्याच चक्कीला काढता येत नाही. मग वाऱ्याचं मोजमापच चुकत असणार. वेगमापक मी हाताशी यावा म्हणून कठड्यामागे, चक्कीच्या खूप खाली लावला होता. तो चक्कीच्या मध्याइतक्या उंचीवर, तिच्यापासून थोडा बाजूला नेला. जिथे ३ मीटर दिसत होते, तिथे आता ५ दिसायला लागले.